दवंडी, ठराव, इतिवृत्त : गावकारभाराच्या भाषेचा एक इतिहास

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सनावळीतून सांगितला जातो. १८८४चा लोकल बोर्डांचा कायदा, १९२०, १९३३ आणि १९५८ यांचे ग्रामपंचायत कायदे, १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि त्यानंतर त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. ही सनावळी आवश्यक आहे. पण तीत एक बाजू सुटून जाते. कारभाराची फेररचना झाली की तिची वार्ता गावापर्यंत कोण पोहोचवतो, कोणत्या शब्दांत पोहोचवतो, झालेला निर्णय कोण लिहून ठेवतो आणि लिहिलेले वाचून प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असतो, याचा विचार सनावळीत होत नाही. आमच्या मते हे प्रश्न जितके राज्यशास्त्राचे आहेत तितकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहेत.

मराठीच्या अभ्यासक्रमांत ‘व्यावहारिक मराठी’ नावाने सूचना, कार्यक्रमपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त यांचे नमुने शिकवले जातात. आम्हीही ते वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. विद्यार्थी ते नमुने पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. मात्र या प्रत्येक लेखनप्रकाराला इतिहास आहे आणि त्या इतिहासात जात, जमीन, अक्षरज्ञान व सत्ता यांचे संबंध गुंतलेले आहेत, हे सांगायचे राहून जाते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाची रूपरेषा मांडण्याचा प्रयत्न आहे.

१.

मराठेशाहीतील गावकारभाराचा सर्वांत बोलका कागद म्हणजे ‘महजर’. वतनाचा तंटा, शिवेचा वाद, हक्क-मानपानाचे भांडण अशा प्रकरणांत गोतसभा बसे. तीत गावचे वतनदार, बलुतेदार, आजूबाजूच्या गावांचे पाटील आणि दिवाणाकडील अधिकारी हजर असत. निर्णय झाला की त्याचा महजर होई. महजर हा शब्द अरबी. ‘हजर’ आणि ‘महजर’ यांचे मूळ एकच. जे हजर होते त्यांच्या साक्षीने झालेला कागद तो महजर. म्हणूनच त्याच्या आरंभी ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावे येतात. निर्णयाआधी माणसे येतात, हे या लेखनप्रकाराचे वैशिष्ट्य होय.

अक्षर न येणारे लोक या कागदावर आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या या कागदांवर आढळतात. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यापासून अनेक संशोधकांनी जुनी दप्तरे उजेडात आणली, तेव्हा या निशाण्यांनी भरलेले कागद वाचकांसमोर आले. कागद लिहिणारा हात कुलकर्ण्याचा किंवा एखाद्या कारकुनाचा असला, तरी त्याखाली गावातील निरनिराळ्या थरांच्या खुणा असत. शिवेच्या वादात तर महाराच्या साक्षीला मोठे वजन होते, कारण गावाची हद्द त्यानेच पायाखाली घातलेली असे.

एवढ्यावरून जुने गाव म्हणजे समतेचे छोटे प्रजासत्ताक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना झाला आहे. एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात दख्खनच्या ग्रामसमाजांचे गुण वर्णिले. पुढे १८३०मध्ये मेटकाफने उत्तरेकडील गावांना उद्देशून ‘लहान प्रजासत्ताके’ अशा अर्थाचा जो शब्दप्रयोग केला, तो पुढील शंभर वर्षे राष्ट्रवादी लेखनातही फिरत राहिला. पण साक्षीला वजन असणे आणि निर्णयात वाटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. महाराची निशाणी कागदावर येई. चावडीत त्याची जागा मात्र पायरीखालीच राही. कागदावरील उपस्थिती आणि बैठकीतील उपस्थिती यांतील हे अंतर आपल्या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे.

२.

महजर हा झालेल्या निर्णयाचा कागद. निर्णयाची किंवा सरकारी हुकमाची वार्ता गावभर पोहोचवण्याचे साधन मात्र दवंडी हे होते. साऱ्याचा हप्ता, कामगारांचा मुक्काम, रोगराई, हरवलेले जनावर, जत्रेचा दिवस, सगळे दवंडीने कळे. ‘ऐका हो ऐका’ या आरोळीने सुरू होणारा हा वाक्प्रकार आज विनोदी लेखनात आणि वगनाट्यात उरला आहे. पण एके काळी ती गावाची एकमेव अधिकृत वार्ता होती.

दवंडी देणारा बहुतेक ठिकाणी येसकर किंवा तराळ, म्हणजे महार वतनदार असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात वतनदार आणि बलुतेदार यांच्या कामांची जी सविस्तर नोंद आहे, तीत महाराच्या वाट्याला आलेल्या सरकारी व गावकीच्या कामांची संख्या पाहून आजचा वाचक थक्क होतो. निरोप पोहोचवणे, सारा गोळा करायला माणसे बोलावणे, कामगारांचे ओझे वाहणे, गावाची राखण करणे, मेलेली गुरे ओढणे आणि दवंडी पिटणे. आत्रे स्वतः महसूल खात्यातले. त्यांचा दृष्टिकोन सर्वत्र आजच्या वाचकाला पटेल असा नाही. तरीही गावकारभाराचा असा तपशील मराठीत त्याआधी एका जागी आला नव्हता.

या व्यवस्थेतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. सर्व गावाला बातमी सांगणारा माणूस त्या बातमीच्या निर्णयात कोठेच नव्हता. त्याचा आवाज गावाच्या कानाकोपऱ्यात जाई, पण तो आवाज त्याचा स्वतःचा नसे. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनाच्या शीर्षकातला पहिला शब्द याच कामाची आठवण देतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या शीर्षकाबद्दलही तेच म्हणता येईल. दलित आत्मकथनांनी गावकारभाराच्या परिभाषेतलेच शब्द उचलून पुस्तकांवर लावले, याकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. ज्याने दुसऱ्यांची वार्ता सांगितली, त्याच्या मुलाने स्वतःची वार्ता लिहिली, हा बदल केवळ साहित्यिक नव्हता. त्यामागे वतनाविरुद्धचा दीर्घ लढा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महारांच्या कामाला ना ठरावीक वेळ, ना ठरावीक मर्यादा, ना रोख पगार. इनाम जमिनीचा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते एवढ्यावर सारे कुटुंब सरकारचे व गावाचे बांधील, ही स्थिती त्यांना मोडायची होती. विधेयकाला विरोध झाला आणि १९२९मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८मध्ये झाला व १९५९च्या ऑगस्टपासून अमलात आला. ग्रामपंचायतींचा नवा कायदाही १९५८चाच आणि तोही १९५९मध्येच लागू झाला. दोन्ही कायदे सनावळीत वेगवेगळ्या प्रकरणांत नोंदले जातात. वस्तुतः ते एकत्र वाचायला हवेत. एकाने दवंडी देणाऱ्याला वंशपरंपरेच्या बांधिलकीतून सोडवले, दुसऱ्याने त्याला सभेत बसण्याचा कायदेशीर मार्ग दिला.

३.

वार्ता सांगणाऱ्याइतकाच महत्त्वाचा होता वार्ता लिहिणारा. पिढ्यान्‌पिढ्या ते काम कुलकर्ण्याकडे होते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अक्षरशत्रू शेतकरी आणि लेखणी हाती असलेला कामगार यांच्या संबंधांचे जे वर्णन केले आहे, त्याचा रोख याच एकाधिकारावर आहे. फुले स्वतः १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्थानिक कारभाराचे कागद त्यांनी आतून पाहिले होते.

‘असूड’ लिहून पूर्ण झाला तो १८८३मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध झाला होता. आणि १८८३मध्येच लोकहितवादींनी ग्रामरचना व स्थानिक स्वराज्य या विषयांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली. रिपनच्या ठरावानंतर वर्षभरात मराठीत या विषयाला दोन अगदी वेगळ्या बाजूंनी वाचा फुटली. लोकहितवादींना काळजी होती ती जुनी ग्रामव्यवस्था मोडली त्याची आणि नव्या व्यवस्थेसाठी लोकांची तयारी कशी होईल याची. फुल्यांचा प्रश्न निराळा होता : अधिकार खाली आले, तर ते नेमके कोणाच्या हातात येणार? पुढील दीडशे वर्षांतील वाद या दोन प्रश्नांभोवतीच फिरत राहिला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

१८८४च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली. जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर असे आणि मतदारांचे वर्तुळ अगदी लहान होते. लेखणीचा एकाधिकार मोडण्याचा धाडसी प्रयत्न ब्रिटिश मुलुखात झाला नाही. तो कोल्हापूर संस्थानात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय घेतला आणि महार वतनांच्या जमिनी रयताव्यात आणण्याचेही पाऊल उचलले. तलाठ्याची लेखणी ब्राह्मणेतर व अस्पृश्य तरुणांच्या हाती यावी, यासाठी त्यांनी प्रशिक्षणाची सोय केली. कुलकर्णी वतनाविषयी त्या काळात वृत्तपत्रांतून जो वाद माजला, त्याची तीव्रता पाहिली म्हणजे गावाचे दप्तर कोणाच्या घरी राहते, हा प्रश्न किती नाजूक होता याची कल्पना येते.

आंबेडकरांनी १९३२मध्ये मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकाला केलेला विरोधही याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. प्रौढ मताधिकार नाही, अल्पसंख्य व अस्पृश्य समाजांसाठी राखीव जागांची हमी नाही, आणि अशा पंचायतीला न्यायदानाचेही अधिकार द्यायचे, याला त्यांची हरकत होती. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याविषयी त्यांनी जे कठोर उद्गार काढले, ते पुष्कळदा संदर्भाशिवाय उद्धृत होतात. १९३२चे भाषण शेजारी ठेवले तर त्यांचा आक्षेप विकेंद्रीकरणाच्या तत्त्वाला नसून हमीशिवाय दिलेल्या सत्तेला होता, असे आम्हांस वाटते. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींचे कलम संविधानात आले, पण मार्गदर्शक तत्त्वांत. हमीची भाषा त्यात नव्हती. ती यायला १९९३ उजाडावे लागले.

४.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा कारभाराच्या तीन परंपरा एका छत्राखाली आल्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याची घडी होती. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडाची. तेथे १९४८मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने तहसील पातळीवर ‘जनपद सभा’ स्थापन झाल्या होत्या. मराठवाड्यात निजामी राजवटीचा वारसा होता आणि तेथे १९४८पर्यंत कारभाराची भाषा उर्दू होती. एकाच अधिकाऱ्याला इकडे मामलेदार म्हणत, तिकडे तहसीलदार. इकडचा तलाठी तिकडे पटवारी होता. याखेरीज संस्थाने होती. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने आपल्या लहानशा संस्थानात ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राहणारी राज्यघटना लागू केली होती. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग संपला. विलीनीकरण हे राष्ट्रीय हिताचे होते, यात शंका नाही. पण वरून झालेल्या फेररचनेत खालचा एक जिवंत प्रयोग कसा पुसला जातो, याचे ते उदाहरणही आहे. त्या मुलखातील माणसांचे जग व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आपल्याला भेटते.

या तिन्ही परंपरा जुळवण्यासाठी जून १९६०मध्ये तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१मध्ये तिचा अहवाल आला. १९५७च्या बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवरील समितीला केंद्रस्थान दिले होते आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद कलेक्टरकडे सोपवण्याची शिफारस केली होती. नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट केली व कलेक्टरला तिच्याबाहेर ठेवले. १ मे १९६२ रोजी मुंबई वगळता राज्यातील पंचवीस जिल्ह्यांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते आणि शेती यांचा मोठा भाग लोकनियुक्त सभेच्या हाती आला. कलेक्टर अध्यक्ष असलेल्या १८८४च्या बोर्डापासून येथवरचे अंतर मोठे होते.

नव्या संस्थांना नवे शब्द लागले. भाषा संचालनालय १९६०मध्ये स्थापन झाले होते. १९६२मध्ये त्याचा ‘पदनाम कोश’ निघाला. त्याची ‘बदनाम कोश’ अशी थट्टाही झाली. मुख्य कार्यकारी अधिकारी, गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी अशी पदनामे कारभारात रुळली. राज्य चालवायचे तर परिभाषा आपली हवी, ही जाणीव शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’इतकी जुनी आहे. तथापि गावाने या शब्दांचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. कागदावर ‘गटविकास अधिकारी’ राहिले आणि गावात ‘बीडीओ साहेब’ आले. जिल्हा परिषदेची ‘झेडपी’ झाली. ‘झेडपीची शाळा’ हा शब्दप्रयोग आज इतका मराठी आहे की त्याला पर्याय सुचवणे हास्यास्पद ठरेल. ‘ठराव’, ‘सभा’, ‘सरपंच’, ‘उतारा’ हे शब्द मात्र कागदावर आणि तोंडात सारखेच राहिले. ज्या शब्दांत लोकांना काही करता येते ते शब्द लोक ठेवतात, आणि जे केवळ खुर्चीचे नाव सांगतात त्यांचे ते आपल्या सोयीने रूपांतर करतात, असे यावरून दिसते.

राजभाषा अधिनियम १९६४चा. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा मात्र थेट २०२२मध्ये झाला. ग्रामपंचायतीला याची गरज भासली नव्हती, कारण तिची भाषा कधीच दुसरी नव्हती. गरज मोठ्या शहरांच्या महापालिकांना होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

५.

आता इतिवृत्ताकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द भरताच्या नाट्यशास्त्रातून परिचित आहे. भरताने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर मानले. सभेच्या नोंदीसाठी हाच शब्द रूढ व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. सभेचेही एक नाट्य असते. विषय निघतो, वाद होतो, आवाज चढतात, कोणी उठून जातो, कोणी समजूत घालतो. मात्र गावात ‘प्रोसिडिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वहीत या नाट्याचे शरीर शोधू गेल्यास हाती सांगाडा लागतो.

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाने वही उघडते. मग विषय क्रमांक, ठराव क्रमांक, ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन असे ठरले की’, त्यानंतर ‘करण्यात यावे’, ‘देण्यात यावी’, ‘मंजुरी देण्यात येत आहे’, आणि शेवटी सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. अखेरचा विषय बहुधा अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा. ‘सविस्तर चर्चा होऊन’ या दोन-तीन शब्दांत संपूर्ण नाट्य गडप झालेले असते. कर्मणी प्रयोगाने कर्ता नाहीसा केलेला असतो. रस्ता कोणी मागितला, कोणत्या वस्तीसाठी मागितला, कोणी नको म्हटले आणि का, हे पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्या अभ्यासकाला कळत नाही.

महजर आणि इतिवृत्त शेजारी ठेवले म्हणजे फरक ठळक होतो. महजरात माणसे आधी येत आणि त्यांची श्रेणीही तशीच उघड दिसे. इतिवृत्ताने श्रेणी पुसली, सर्वांना एका ओळीत सह्या करायला लावल्या. ही मोठी गोष्ट झाली, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण श्रेणी पुसताना त्याने मतभेदही पुसले. ‘सर्वानुमते’ हा शब्द इतका सवयीचा झाला की तो वस्तुस्थितीचे वर्णन न राहता लेखनाचा संकेत होऊन बसला.

तरीही या संकेतबद्ध लेखनाची दुसरी बाजू आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंच बाई आणि कारभार पाहणारे पती, असे चित्र अनेक गावांत दिसले आणि त्यावर भरपूर विनोदही झाले. पण इतिवृत्ताच्या साच्यात पतीला जागा नाही. सूचक म्हणून, अनुमोदक म्हणून, अध्यक्ष म्हणून नाव लिहायचे ते निवडून आलेल्या बाईचेच. प्रथम ते नाव केवळ कागदावर होते. मग धनादेशावर सही लागली, सभेत उत्तर द्यावे लागले, चौकशी आली तर तिलाच जावे लागले. अनेक स्त्रियांनी वही वाचायला मागितली ती याच टप्प्यावर. साच्याने आधी नाव मागितले आणि नावामागून माणूस आला. महजरातील निशाणीच्या बाबतीत जे घडू शकले नव्हते, ते येथे काही प्रमाणात घडले. कारण निशाणीमागे मत नव्हते, या नावामागे मतपेटी होती.

६.

फेररचनेचा आणखी एक प्रकार हद्दींचा. राज्य झाले तेव्हा जिल्हे सव्वीस होते. आता छत्तीस आहेत. १९८१मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून (आजच्या छत्रपती संभाजीनगरमधून) जालना निघाला. १९८२मध्ये उस्मानाबादमधून (आजच्या धाराशिवमधून) लातूर व चंद्रपुरातून गडचिरोली, १९९८मध्ये वाशिम व नंदुरबार, १९९९मध्ये हिंगोली व गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. या प्रत्येक विभाजनामागे राजकारण होते, हे खरे. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील माणसाच्या दृष्टीने प्रश्न साधा होता : एका दाखल्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडवायची?

हद्दीचा प्रश्न गावाच्या आतही आहे. गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावे आणि वाड्या एकत्र येतात. दप्तर मोठ्या गावात राहते, सभाही तेथेच भरते, आणि लांबच्या पाड्याला ठराव झाल्याचे फार उशिरा कळते. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६मध्ये झालेल्या पेसा कायद्याने याला उत्तर शोधले. गाव म्हणजे महसुली नोंद असे न मानता, जी वस्ती स्वतःला एक समाज मानून आपले व्यवहार चालवते ती, अशी व्याख्या त्याने स्वीकारली. महाराष्ट्राचे पेसा नियम मात्र २०१४मध्ये आले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने त्याआधीच स्वतःची रीत घडवली होती. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायचा आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटांतून विषय समजून घ्यायचा, ही ती रीत. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या या कामाची कथा मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात सांगितली आहे. ‘सर्वानुमते’ हा शब्द तेथे लेखनाचा संकेत राहिला नाही. तो शब्द वहीत येण्यासाठी गावाला अनेक बैठका बसावे लागले.

७.

या इतिहासाचा वर्तमानाशी संबंध काय? मार्च २०२२नंतर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची आणि महापालिकांची मुदत संपली, आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादांत निवडणुका रखडल्या. काही वर्षे तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. कामे थांबली नाहीत. रस्ते झाले, देयके निघाली, ठरावही झाले. पण प्रशासकाच्या ठरावाला सूचक लागत नाही, अनुमोदक लागत नाही, आणि विरोधात बोलणारे कोणी समोर बसलेले नसते. कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील १८८४च्या बोर्डातसुद्धा काही सभासद समोर असत. या वर्षांची इतिवृत्ते उद्या कोणी अभ्यासायला घेतली, तर त्यांत भाषा तीच दिसेल : ‘मंजुरी देण्यात येत आहे’. कर्ता नसलेल्या वाक्यरचनेची इतकी सवय आपल्याला झाली होती की कर्ता खरोखरच नाहीसा झाला तेव्हा वाक्यात काहीच बदलावे लागले नाही. आम्हांस या काळातील सर्वांत चिंताजनक गोष्ट ही वाटते.

सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आणि प्रत्येकीच्या कपाटातील इतिवृत्तांच्या वह्या हे मराठी गद्याचे एक प्रचंड, न वाचलेले भांडार आहे. २०२४मध्ये शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पदनाम स्वीकारले. पदनामे बदलतात, दप्तरे एका कपाटातून दुसऱ्यात जातात, काही वाळवीच्या तोंडी पडतात. आपले विद्यार्थी बहुतेक गावांतूनच येतात. इतिवृत्ताचा काल्पनिक नमुना लिहिण्याऐवजी त्यांनी आपल्या गावच्या एका वर्षाची वही रीतसर अर्ज करून मागावी, तीत कोणती वस्ती किती वेळा आली आणि सूचक कोण होते याची नोंद करावी, आणि त्या सभेला बसलेल्या वृद्धांना ‘सविस्तर चर्चा’ काय झाली होती ते विचारावे. शाहू महाराजांच्या काळात गावाचे दप्तर एका घरातून बाहेर काढण्यासाठी राजाज्ञा लागली होती. आज त्यासाठी एक अर्ज पुरेसा आहे.